मामा, तिसरी ओळ मी काढली होती

मामा,

गेलेल्या माणसाला लिहिताना लोक आधी गोड-गोड लिहितात आणि खरं ते शेवटाला ठेवतात, किंवा ठेवतच नाहीत. मी उलटं करते. पत्रकांची सवय आहे, मुद्दा वर लागतो. तर मुद्दा असा: गेल्या पावसाळ्यातल्या त्या पत्रकातली तिसरी ओळ छापखान्यातल्या अन्वरभाईंनी काढली नव्हती. मी काढली होती. जागा कमी पडली असं मी तुम्हाला सांगितलं. जागा भरपूर होती. त्या जागेत मी एक मोठं उद्गारचिन्ह टाकलं.

तुम्ही गेलात तेव्हा हे तुम्हाला माहीत नव्हतं. अन्वरभाईंशी अबोला धरून गेलात. तीस वर्षांची दोस्ती, दर मंगळवारचा चहा, सगळं माझ्या एका थापेनं मोडलं आणि मी दहा महिने गप्प बसले. मी! जिनं पाण्याच्या टाकीवर, रस्त्यावर, रेशनच्या तांदळावर, ज्याच्यावर म्हणाल त्याच्यावर पत्रक काढलं. दुसऱ्यानं खोटं बोललेलं मला लांबून ऐकू येतं.

तुमचं-माझं नातं तसं काही नव्हतं. मानवतच्या कॉलेजात तुम्ही वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होता. बाटल्या धुणं, काचपट्ट्या मांडणं, टेबलं पुसणं. पोरं-प्राध्यापक सगळे मामाच म्हणायचे. अळिंबीच्या नमुन्यांच्या बरण्यांवर चिठ्ठ्या तुमच्या हाताच्या आणि खाली सह्या दुसऱ्यांच्या, हे मला नंतर कळलं आणि मी लगेच म्हणाले, "मामा, यावर पत्रक काढू." तुम्ही म्हणालात, "काढ. आन त्यात लिही, की बरणीतल्या छत्रीला बी सही कुणाची हाय ते ठाव न्हाई."

पहिल्यांदा तुमच्या दारात आले तो दिवस आठवतो का? एका गावातली दुसरीतली मुलगी शाळेच्या मैदानावरचं काहीतरी खाऊन आजारी पडली होती. वाचली, पण दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'अन्नातून विषबाधा' लिहून मोकळे झाले. काय खाल्लं कुणी विचारलं नाही, उरलेला तुकडा कुणी ठेवला नाही. माझं डोकं फिरलं. मैदानावर गेले, गवतात बारक्या-बारक्या तपकिरी छत्र्या दिसल्या, दोन्ही मुठी भरून उपटल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबल्या, एसटी पकडली आणि उन्हात तासभर हिंदकळत तुमच्या पडवीत आले.

"मामा, या विषाचं नाव पाहिजे. संध्याकाळपर्यंत."

तुम्ही पिशवी उघडली. आत तपकिरी लगदा. नाकाजवळ नेलीत, परत माझ्या हातात दिलीत.

"हे काय आणलंस? चटणी?"

आतून मामी हसल्या. मी चिडले. तुम्ही चिडलेल्या माणसाकडं जसं बघायचा तसं, चष्म्यावरून, बघितलंत. "उद्या जा. कागदात गुंडाळून आण. प्लॅस्टिकात घाम येतो तिला. बुडापासून काढ, चाकूनं माती उकरून. मुळाशी काय हाय ते बघ. शेण हाय, कुजकं लाकूड हाय, का नुसतं गवत. वास घे. आन एकच आणू नको. लेकरू, तरणी, म्हातारी, तिन्ही आण."

"एवढं कशाला? विषारी आहे की नाही एवढंच सांगा."

"तुझं नाव सांगायच्या आधीच तू चांगली का वाईट ते सांगू का मामीला?"

दुसऱ्या दिवशी कागदात आणल्या. मग तुम्ही ते कार्ड काढलंत, अर्धं काळं, अर्धं पांढरं. अन्वरभाईंच्या छापखान्यातल्या कतरणी. लग्नपत्रिका कापल्यावर उरलेल्या पट्ट्या ते तुमच्यासाठी जोडून, चिकटवून ठेवायचे. त्यांच्या कटिंग मशीनचं पातं एका बाजूला ओढायचं म्हणून प्रत्येक कार्डाचा उजवा कोपरा तिरका. त्यावरून दर मंगळवारी तुमचं ठरलेलं वाक्य: "अन्वर, तुझी मशीन जेवली न्हाई का आज? वाकडं कापायलीय." आणि त्यांचं ठरलेलं उत्तर: "मामा, फुकट के कार्ड में सीधापन नहीं मिलता."

तुम्ही एका छत्रीची दांडी कापलीत, टोपी कार्डावर पालथी ठेवलीत, निम्मी काळ्यावर, निम्मी पांढऱ्यावर. वर वाटी झाकली. टोपीखालच्या पडद्यांना पुस्तकात कल्ले म्हणतात, तुम्ही निऱ्या म्हणायचा. "ह्या निऱ्यांतून पीठ गळतं. ते तिचं बी. पीठ पांढरं असलं तर काळ्यावर उमटतं, काळं असलं तर पांढऱ्यावर. आता जा. मधी उचलून बघायचं न्हाई."

"किती वेळ?"

"तिला लागंल तेवढा."

मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "वाटी कुठंय आमटीला? समद्या वाट्या बुरशीवर पालथ्या घातल्यात ह्यांनी! पाव्हणे आले तर त्यांच्यावर बी वाटी झाकतील."

मी ज्याला 'एक विष' म्हणून आणलं होतं त्यात तीन प्रकार निघाले. एकीचा ठसा काळा कुळकुळीत, ती शेणाच्या खतावर आलेली. एकीचा गंजासारखा तांबूस, ती दुपारपर्यंत उन्हात वितळून गेली होती. तिसरीचा जवळजवळ पांढरा, दांडी चिवट, दुमडली तरी तुटत नव्हती. वरून बघाल तर तिघी सख्ख्या बहिणी. तुम्ही रजिस्टर उघडलंत. नंबर, जागा, माती, वास, ठसा, सगळं भरलंत आणि 'नाव' या रकान्यात तीनदा लिहिलंत: माहीत नाही.

मी मागची पानं चाळली. माहीत नाही. माहीत नाही. बहुतेक मागच्या नंबरच्या कळपातली, माहीत नाही. पानंच्या पानं.

"मामा, हे रजिस्टर आहे का अज्ञानाची वही?"

"मग तुझी पत्रकं कशाची वही हायत?"

मग तुम्ही मला बसवून सांगितलंत, आणि ते मला अजून पाठ आहे. "बारकी तपकिरी म्हणजे एक जात न्हाई ग. गर्दी हाय ती. बाजारात धोतर-टोपीवाले शंभर जण दिसतात. एकानं खिसा मारला म्हणून तू शंभरांवर पत्रक काढशील का? मोठमोठे जाणते बी हिच्यापुढं हात टेकतात. त्या गंजकट ठशावालीच्या भावकीत एखादी अशी निघते की काळीज जाळून टाकती. कोणची, ते मला वरून सांगता येत न्हाई."

"म्हणजे खायच्या का नाही खायच्या?"

"मी खा म्हणलो का? नाव ठाव नसलेल्याला शिव्या देऊ नये, आन घरात बी घेऊ नये."

हे वाक्य पत्रकावर किती छान बसलं असतं! मला तेव्हा कळलं नाही. मला शत्रू पाहिजे होता.

कारण मला तसंच शिकवलं होतं. चळवळीत आले तेव्हा पहिली शिकवण: एका पत्रकाला एकच शत्रू. दोन शत्रू दिले की वाचणारा गोंधळतो, तीन दिले की पत्रकात भजी बांधतो. मी तुमच्याकडं मजकूर मागितला. तुम्ही दोन दिवस बसून, चार वेळा खोडून, चार ओळी दिल्यात:

गवतातल्या बारक्या तपकिरी छत्र्या ओळखणं फार अवघड आहे. मलाही बहुतेक ओळखू येत नाहीत.
चांदी काळी पडली, लसूण बदलला, शेळीनं खाल्लं, यावरून विष कळत नाही.
पांढऱ्या, मोठ्या, देखण्या छत्र्यांतही विषारी असतात.
जिचं नाव जाणत्याला खात्रीनं सांगता येत नाही ती खाऊ नका. खाल्लीच तर उरलेला तुकडा कागदात गुंडाळून दवाखान्यात सोबत न्या.

पहिली ओळ मी बदलून 'बारकी तपकिरी छत्री: मैदानावरचं विष' अशी केली. दुसरी ठेवली. चौथीतलं तुकडा दवाखान्यात न्यायचं तेवढं ठेवलं. तिसरीवर लाल पेनानं आडवी रेघ मारली. पांढरी कुठून आली मध्येच? शत्रू तपकिरी आहे!

अन्वरभाईंनी प्रूफ वाचून विचारलं होतं, "बेटी, ये तिसरी लाइन मामांनी लिहिलीय. काटूं?" मी म्हणाले, काटा. मामांशी बोलणं झालंय.

झालं नव्हतं.

मग मी ते पत्रक देवगाव फाट्यावर वाटलं. एसटी बदलायला उतरलेल्या माणसांच्या हातात, चहाच्या टपरीवर, वडापच्या जीपच्या खिडकीतून आत. शाळेनं मैदानावर फवारणी केली. मी त्याला विजय म्हणाले. आठ दिवसांत छत्र्या परत आल्या, कारण त्या मुळात जमिनीखाली असतात आणि वर येतं ते फक्त तोंड. हे तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. तुम्ही दोनदा पत्रक मागितलंत. दोनदा मी म्हणाले, विसरले, उद्या आणते.

पंधरा दिवसही झाले नाहीत, आणि फाट्यापासून आत चालत जायच्या गावातल्या सत्यभामाबाईंच्या घरची बातमी आली. त्या, त्यांचे मालक, सासू, तिघं दिवसभर उलट्या करत होते, दोन दिवस सलाइनवर होते, आता घरी आलेत. छत्री खाल्ली म्हणे. तुम्ही पिशवीत कार्ड, चाकू आणि मामींची एक वाटी टाकलीत आणि म्हणालात, "चल."

सत्यभामाबाई ओट्यावर बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, आवाज नाही. गोठ्यामागच्या गवतात दोन अजून उभ्या होत्या. मोठ्या, पांढऱ्या, ताटलीएवढ्या, देखण्या. तुम्ही एक काढलीत, टोपी कार्डावर ठेवलीत, वाटी झाकलीत आणि चक्क भिंतीला टेकून बसलात. आपण सकाळी गेलो होतो. चहा झाला. जेवायची वेळ झाली. सत्यभामाबाई ताटं घेऊन आल्या आणि मी कचरले ते त्यांनी बघितलं.

"खा की. वरण हाय. छत्री न्हाई."

दुपार कलली तेव्हा तुम्ही वाटी उचललीत. कार्डाच्या पांढऱ्या भागावर पिस्त्याच्या बर्फीसारखा फिकट हिरवा ठसा. चक्राच्या आऱ्यांसारखा, एकेक निरी मोजता येईल असा. सत्यभामाबाई वाकून बघत राहिल्या. "पांढरीच्या पोटात हिरवं?"

"हीच ओळख तिची," तुम्ही म्हणालात. "हिचं नाव मला ठाव हाय. खायची न्हाई. बाई, ही खाल्ली कशी तुमी?"

त्या उठल्या, भिंतीतल्या देवळीतून घडी घातलेला कागद काढला. माझं पत्रक. जपून ठेवलेलं.

"हेच्यातच हुतं. बारकी तपकिरी खाऊ नका. आमी बारकी खाल्ली न्हाई. तपकिरी बी खाल्ली न्हाई. मोठी पांढरी खाल्ली."

मामा, मला मोर्चात लाठी बसलेली आहे. हे जास्त लागलं.

तुम्ही पत्रक वाचलंत. परत वाचलंत. पाठीमागं उलटून बघितलंत, जणू ओळ तिकडं पडली असेल. मग सावकाश म्हणालात, "तपकिरीला शिवी दिली म्हणजे पांढरीला प्रमाणपत्र दिलं. तिसरी ओळ कुठं हाय?"

सत्यभामाबाई माझ्याकडं बघत होत्या. सासू आतून बघत होती. आणि मी म्हणाले, "जागा पुरली नाही मामा. अन्वरभाईंनी काढली."

एवढंच. एका दमात. सराव असल्यासारखं.

तुम्ही मानवतला उतरून घरी गेला नाहीत, तडक छापखान्यात गेलात. मी आत आले नाही, समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. तुमचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू आला. "तीस वर्षं छापायलास अन्वर, आन एक ओळ बसंना व्हय तुला? तीन माणसं मेली असती! पत्रिकेत वराच्या आत्याचं बी नाव बसवतोस की!" अन्वरभाईंनी तुमच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. सरळ माझ्याकडं. मी मान खाली घातली नाही, तेवढी हिंमतही नव्हती, नुसती बघत राहिले. मग ते तुम्हाला म्हणाले, "चुकलं मामा. माफ करा."

तुम्ही माफ केलं नाहीत.

नंतर कधीतरी मी त्यांना विचारलं, का नाही सांगितलं? ते टाइप बघत बसले होते, वर न बघता म्हणाले, "तेरा नाम लिया होता तो मामा तेरे कू दारात उभं केले नसते. तू शिकायलीस त्यांच्याकडं. मेरे कू तो तीस साल से सुनाते, एक और सही." मी तेव्हाही गेले नाही तुमच्याकडं.

तुम्ही मात्र दर भेटीत विचारायचात, "दुरुस्ती कधी काढायलीस?" मी म्हणायची, काढू. आपलं भांडण तिथंच अडकलं. मी म्हणायची, मामा, ज्यांच्यावर मी पत्रकं काढते ते टपून बसलेत. मी एकदा 'चुकले' म्हणाले की पुढचं कुठलंच पत्रक कुणी वाचणार नाही. 'माहीत नाही' या घोषणेवर मोर्चा निघत नाही. तुम्ही म्हणायचात, "नको निघू दे. माणूस तर वाचतंय." शेवटच्या भेटीतही हेच. मी गाडी सुटेल म्हणून उठले. तुमचं वाक्य अर्धं राहिलं: "अगं, चुकलो म्हणणाऱ्याचं..." पुढचं काय होतं, मामा? मी किती शेवट लावून बघितले. एकही तुमच्यासारखा होत नाही.

आषाढात तुम्ही गेलात. तुमच्यात पुरतात, आमच्यात जाळतात. त्यावरून तुम्ही मला चिडवायचा, "बुरशीच्या दृष्टीनं आमी लिंगायत जास्त कामाचे." त्या दिवशी तुम्हाला मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग, आणि मला आपलं वाटलं की आता तुम्ही म्हणाल, मधी उचलून बघायचं न्हाई. हसू आलं. शेजारच्या बाईनं रागानं बघितलं. अन्वरभाई लांब, बाभळीखाली उभे होते. माती द्यायला सगळ्यांत शेवटी आले.

(परवा तिथं जाऊन आले. कडेला गवत फुटलंय. अजून काही उगवलेलं नाही. कळवेन.)

महिन्यानं मामींनी बोलावलं. "हे रजिस्टर आन खोके ने. मला वाट्या परत पायजेत." खोक्यात ठशांची कार्डं, सालानुसार बांधलेली. मी ती उलटून बघत होते, पाठीमागं लग्नपत्रिकांचे तुकडे: अर्धं 'चि. सौ. कां.', कुणाच्या मामाचं आग्रहाचं निमंत्रण. मग मी थांबले. भांडणानंतरची कार्डंही तशीच होती. अर्धं काळं, अर्धं पांढरं. उजवा कोपरा तिरका.

"मामी, ही कुठून आली?"

मामी लसूण सोलत होत्या. "मी आणायचे. बाजाराच्या पिशवीत, भाजीखाली. अन्वर द्यायचा. ह्यांना म्हणलं, दुसऱ्या छापखान्यातून आणलेत."

"आणि ते काय म्हणाले?"

"कार्ड हातात घेतलं, कोपऱ्यावरनं बोट फिरवलं. म्हणले, दुसऱ्या छापखान्याची मशीन बी उपाशीच हाय म्हणा की."

मामा, मी तिथंच रडले. नुसत्या वासावरून छत्रीचं गोत्र सांगणारे तुम्ही, तो कोपरा तुम्हाला कळला नाही असं कसं होईल? कळला होता. आणि तरी तुम्ही दहा महिने त्याच कार्डावर टोप्या ठेवत होता. मंगळवारी गेला नाहीत, पण कार्ड परतही पाठवलं नाहीत. हे मी माझ्या सोयीनं वाचत असेन. तुम्ही असता तर म्हणाला असता, पुरावा एकच हाय, रकान्यात 'बहुतेक' लिही. लिहिते: बहुतेक.

रडता रडताच मामींना सगळं सांगितलं. ओळ, रेघ, उद्गारचिन्ह, थाप. त्यांच्या हातातला लसूण थांबला.

"तू एकलीच खोटं बोलती व्हय ग? मी बी बोलले." परत सोलायला लागल्या. "पर माझ्या खोट्यानं कुणी सलाइनवर गेलं न्हाई."

"हो."

"आधी सांगितलं असतंस तर लय भडकले असते. दोन दिस जेवले नसते. तिसऱ्या दिशी म्हणले असते, ती पोरगी कामून आली न्हाई?" मग पदरानं हात पुसून म्हणाल्या, "आता मला सांगून काय? अन्वरला सांग."

"त्यांना माहीत आहे."

"मग फाट्याला सांग."

दुरुस्ती-पत्रक घेऊन छापखान्यात गेले. अन्वरभाईंनी वाचलं. वरची ओळ परत वाचली. 'गेल्या पावसाळ्यातल्या माझ्या पत्रकात जीवघेणी चूक होती. ती छापखान्याची नव्हती. मजकूर देणाऱ्या मामांची नव्हती. माझी होती.' खाली माझं नाव.

"'छपाईची चूक' लिहून टाक ना बेटी. मेरा क्या जाता? पुढची पत्रकं चालायची आहेत तुझी."

"नको. याच थापेनं एवढं झालं."

त्यांनी चष्मा पुसला. "और ये मामा की चारों लाइनें?"

"चारही. त्यांनी लिहिली तशी. 'मलाही बहुतेक ओळखू येत नाहीत' सकट."

"इस बार एक भी लाइन काटी, तो मशीन बंद," ते म्हणाले, आणि हसले, आणि मग आत गेले ते जरा वेळानं आले. हातात कार्डांचा गठ्ठा, दोरीनं बांधलेला. "कापून ठेवले होते. मंगळवार की आदत. अब किसको दूं?" मी घेतला. सगळे कोपरे तिरके.

मग फाटा. तीच टपरी, त्याच एसट्या. मामा, चूक वाटणं फार अवघड असतं. शत्रूवरचं पत्रक लोकांच्या हातात कोंबता येतं, आपल्या चुकीचं द्यावं लागतं. एक फेटेवाला बाबा पूर्ण वाचून म्हणाला, "मागल्या साली खाऊ नका म्हणलीस. आता चूक झाली म्हणायलीस. म्हंजी खावं का?" मी म्हणाले, "नाही बाबा! कुठलीच खाऊ नका, जाणत्यानं नाव सांगितल्याशिवाय." "जाणता कोण?" "होते एक. त्यांनाही बहुतेक माहीत नसायच्या." बाबा म्हणाला, "मग खरंच जाणता असंल," आणि पत्रकाची घडी करून फेट्यात नाही, खिशात ठेवली. भजी कुणी बांधली नाहीत. एकानं बांधली. चालतंय.

दुरुस्तीचं पहिलं पत्रक मात्र फाट्यावर दिलं नव्हतं. ते सकाळीच सत्यभामाबाईंना दिलं होतं. त्यांनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, बोट ठेवून, तिसरी ओळ दोनदा. मग कागद मांडीवर ठेवला.

"त्या दिशी मामांसमोर का न्हाई बोललीस?"

"भ्यायले."

"मी बी भ्याले हुते. उलट्या करताना." माझ्याकडं बघत राहिल्या. मी नजर हलवली नाही, या वेळी खरंच नाही. "सासू अजून तुझं नाव काढलं की थुकती. आज सांगते तिला. थुकायची बंद हुईल का न्हाई, ठाव न्हाई."

"चालेल."

मग त्या उठल्या आणि देवळीतून काहीतरी दोन्ही हातांनी सांभाळत आणलं. पाटावर माझं जुनं पत्रक, कोरी बाजू वर, आणि त्यावर पालथी वाटी.

"गोठ्याकडंच्या गवतात लय आल्यात. खायच्या न्हाईत, ते कळतंय. पर हायत तरी कोण, म्हणून बघायले. तवा मामांनी केलं तसं. हेची तिसरी बारी हाय. काहींचं उमटतं, काहींचं न्हाई."

"पांढऱ्या पिठाचं पांढऱ्या कागदावर दिसत नाही," मी म्हणाले. "काळं लागतं."

"काळा कागद कुठला आणू?"

मी पिशवीतून गठ्ठा काढला, दोरी सोडली. त्यांनी एक कार्ड घेतलं, उलटसुलट केलं. "वाकडं हाय की."

"तसंच असतं ते."

गवतातून एक ताजी आणली. बारकी, तपकिरी, काहीच विशेष नसलेली. चाकूनं बुडापासून, मी न सांगता. टोपी ठेवली, निम्मी काळ्यावर, निम्मी पांढऱ्यावर, आणि वाटी झाकली.

"नाव काय ग हिचं?"

मामा, माझ्या तोंडात तीन नावं आली होती. तुमच्या रजिस्टरात ओळखीच्या वाटणाऱ्या तीन होत्या. मी म्हणाले, "माहीत नाही."

"मामांनी बी कागदात असंच लिवलंय," त्या म्हणाल्या. "उद्या ये बघायला."

"मधी उचलून बघायचं नाही."

"मला शिकवायलीस? जा."

उद्या जाते. रजिस्टर सोबत घेतलंय, पुढचा नंबर टाकून ठेवलाय, नावाचा रकाना मोकळा आहे. अन्वरभाईंना सांगितलं, तर ते म्हणाले, मी पण येतो. कार्ड वाकडं आहे असं बाई म्हणाल्या, ते एकदा स्वतः बघायचंय म्हणे. उद्या मंगळवार आहे.